खेळण्यांतील जर्मन आगगाडी

आगगाडीचें खेळणें म्हटलें म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम इंजिन उभें राहतें. परंतु या खेळण्याचा जर्मनींतील इतिहास पाहिला असतां त्याचें खरें मर्म इंजिनांत नसून रुळांत आहे, असें दिसून येतें.

दक्षिण जर्मनींतील ग्योपिंगेन या गांवीं थिओडोर मेर्क्लिन नांवाच्या पत्र्याच्या कारागिरानें १८५९ सालीं भातुकलीचीं भांडीं करण्याचा धंदा काढला. १८६६ सालीं तो वारला. तेव्हां त्याची पत्नी कारोलीन हिनें, मुलें लहान असतांना, मोठ्या धैर्यानें तो धंदा तगवून धरला. पुढें मुलगे हाताशीं आले आणि १८९१ सालीं लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेंत त्यांनीं चावीची आगगाडी मांडली. खेळण्यांतल्या गाड्या तत्पूर्वींही होत्या. पण पुष्कळ गाड्या रुळांवांचूनच जमिनीवर धांवत, आणि एका कारखान्याचे रूळ दुसऱ्याच्या गाडीला चालतीलच असा नेम नसे. मेर्क्लिन बंधूंनीं रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले व रूळ सुटे विकण्यास आरंभ केला. एका नाताळांत इंजिन, पुढल्या नाताळांत सांधा, त्यापुढें स्टेशन, असा मुलाचा संसार वाढूं लागला आणि कारखान्याला कायमचें गिऱ्हाईक लाभलें.

हे क्रमांक प्रतिस्पर्ध्यांनींही स्वीकारले. त्यांत न्यूरेंबर्गचे बिंग बंधु प्रमुख. पहिल्या महायुद्धापूर्वीं खेळण्यांच्या धंद्यांत त्यांचा कारखाना जगांत सर्वांत मोठा मानला जाई. इंग्लंडांतील बॅसेट-लोक या व्यापाऱ्यासाठीं तो इंग्लिश धर्तीचीं इंजिनेंही बनवी. १९३२ सालीं मंदीच्या तडाख्यांत तो बुडाला. इग्नाझ बिंग यांचे चिरंजीव स्टीफन हे त्यापूर्वींच त्यांतून बाहेर पडले होते. १९३५ सालीं त्यांच्या ट्रिक्स कारखान्यानें टेबलावर मावणारी विजेची गाडी आणली; मेर्क्लिनचीही तशीच गाडी त्याच सालीं निघाली.

परंतु स्टीफन बिंग हे ज्यू होते. नाझी राजवटींत १९३८ च्या सुमारास त्यांना कारखाना सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. त्यांचें खेळणें मात्र परक्या मालकाच्या हातीं जर्मनींतच धांवत राहिलें.

१९९७ सालीं ट्रिक्स मेर्क्लिनकडे गेला. २००९ सालीं मेर्क्लिनचेंही दिवाळें निघालें व २०१३ सालीं तो नव्या मालकांनीं घेतला. टिकली ती रुळांची रुंदी. पहिल्या क्रमांकाचें ४५ मिलिमीटरचें माप अद्याप चालू आहे; १९६८ सालीं न्यूरेंबर्गांत निघालेली बागेंतील गाडी त्याच मापावर धांवते. प्रतिस्पर्ध्यांचे रूळ एका मापाचे ठेवण्याइतका समजूतदारपणा ज्या देशानें दाखविला, त्याच देशांत ते रूळ घडविणाऱ्या एका कुळाला मात्र जागा उरली नाहीं.