शिशाची नाणी आणि मेटल डिटेक्टर : एक फ्रिक्वेन्सी की अनेक?



आजचा विषय बाजारातल्या एका यंत्राचा आहे, पण त्याचं उत्तर आपण ब्रह्मपुरीच्या टेकडीवर शोधणार आहोत. इथून, राजारामपुरीतून, शहर ओलांडून पंचगंगेच्या काठाला गेलं की ही टेकडी लागते. हौशी मंडळी हल्ली विचारतात, "सर, मेटल डिटेक्टर घ्यायचाय. सिंगल-फ्रिक्वेन्सी घ्यावा की मल्टी?" दुकानदार या प्रश्नाला किमतीचं उत्तर देतो. आपण इतिहासाचं उत्तर देऊन बघू.

आधी यंत्राचा इतिहास थोडक्यात. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती गोळी शरीरात नेमकी कुठे आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं विद्युत उपकरण घेऊन आले. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली. गोळी होती डाव्या बाजूला. यंत्र चालत होतं, पण ते नको तिथे फिरवलं गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युसेफ कोसाट्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक बनवला. तो 1942 साली अल अलामीनच्या वाळवंटात वापरला गेला. युद्ध संपलं, जुनी लष्करी यंत्रं स्वस्तात विकली गेली आणि त्यातून हा छंद जन्माला आला.

आता यंत्र करतं काय? खालच्या कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातूच्या तुकड्यात त्यामुळे छोटे भोवरी प्रवाह उठतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र परत वर येतं. परत येणारी लाट किती जोरात आली आणि किती उशिरा आली, एवढ्या दोनच गोष्टींवरून यंत्र अंदाज बांधतं. जाड चांदीत किंवा तांब्यात प्रवाह रेंगाळतो, म्हणून कमी फ्रिक्वेन्सीला, म्हणजे साधारण 5 किलोहर्ट्झच्या आसपास, त्यांचा प्रतिसाद चांगला येतो. बारीक सोन्याची चमकी, पातळ पत्रा, शिशाचा लहान तुकडा यांच्यात प्रवाह चटकन विरतो. त्यांना जास्त फ्रिक्वेन्सी लागते, 20, 40 किलोहर्ट्झ वगैरे.

सिंगल-फ्रिक्वेन्सी यंत्र एका वेळी एकच प्रश्न विचारतं. त्याची सगळी शक्ती त्या एका प्रश्नामागे असते, त्यामुळे त्याच्या आवडीच्या वस्तूसाठी ते चांगलं खोल जातं. किंमतही सहसा कमी. शिवाय विजेच्या तारांच्या गुणगुणीत त्याची फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे सरकवून शांत जागा शोधता येते. मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्रं हौशी बाजारात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आली. ती एकाच वेळी कमी आणि जास्त, दोन्ही फ्रिक्वेन्सींनी विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात.

याचा खरा फायदा कळतो तो जमिनीवर. आपली माती बसाल्टची, तिच्यात लोहखनिज मिसळलेलं. पन्हाळ्याकडे वर चढलं की जांभा लागतो, तोही लोहाने भरलेला. म्हणजे जमीन स्वतःच धातूसारखी बोलते! सिंगल यंत्रातही हा आवाज 'ग्राउंड बॅलन्स' करून दाबता येतो. पण मालवणला किंवा गणपतीपुळ्याला ओल्या वाळूवर जा. तिथे खनिजाचा एक आवाज आणि खाऱ्या पाण्याचा दुसरा. एका प्रश्नात एकच आवाज नीट दाबता येतो, दुसरा उरतो. दोन फ्रिक्वेन्सींची उत्तरं हाती असली तर दोन्ही बऱ्यापैकी वजा करता येतात. म्हणून समुद्रकाठी मल्टी, याबद्दल फारसं दुमत नाही. जांभ्यावर मात्र मल्टीही चमत्कार करत नाही. त्या मातीतला काही आवाज सगळ्याच फ्रिक्वेन्सींना सारखा येतो.

इथवर अभियांत्रिकी झाली. आता इतिहासाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर नाण्यांचा एक साठा मिळाला. त्यातली बरीच नाणी शिशाची. त्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर अशी राजांची नावं आहेत, आणि धनुष्यबाणाची खूण आहे. हे राजे कुठल्याही पुराणात नाहीत. त्यांचा क्रम कसा लागला? काही नाण्यांवर जुन्या छापाच्या डोक्यावर नवा छाप मारलेला आहे. वासिठीपुताच्या नाण्यावर माढरिपुताने आपला छाप मारला, आणि त्या दोघांच्याही नाण्यांवर गोतमिपुताने. कोण आधी, कोण नंतर, हे शिशाच्या त्या ओबडधोबड चकत्यांनी सांगितलं. एक राजघराणं एवढ्याशा पुराव्यावर उभं आहे.

आता हेच नाणं डिटेक्टरखाली ठेवा. शिशाची विद्युतवाहकता चांदीच्या साधारण तेराव्या हिश्श्याइतकीच. पडद्यावर जो आकडा येतो, तो बाटलीचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी यांच्याच पट्ट्यात. हौशी माणूस पहिल्याच दिवशी करतो काय, तर 'कचरा गाळा' ही सोय चालू करतो, आणि सगळ्यात आधी हाच पट्टा बंद होतो. यंत्र निमूटपणे कुर राजांवरून पुढे जाईल. गंमत बघा, आपलं आजचं स्टेनलेस स्टीलचं रुपयाचं नाणंसुद्धा त्याला लोखंडाच्या खिळ्यासारखंच वाटतं.

न्यायदर्शनात याला चांगला शब्द आहे : सव्यभिचार हेतू. जी खूण साध्याबरोबरही आढळते आणि साध्य नसतानाही आढळते, तिच्यावरून अनुमान सिद्ध होत नाही. मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र खुणांची संख्या वाढवतं. लोखंड आणि तांबं ते जास्त भरवशाने वेगळं करतं. पण शिशाचं नाणं आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा सगळ्याच फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखं उत्तर देऊ शकतात. प्रश्न कितीही वाढवले तरी 'ही वस्तू महत्त्वाची आहे का?' हा प्रश्न त्यांत नसतोच. तो माणसाने विचारायचा.

आणि तो विचारायला वस्तू एकटी पुरत नाही, तिची जागा लागते. 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीला शास्त्रीय उत्खनन केलं आणि थर मोजत सातवाहनकालीन विटांची घरं उलगडली. त्याच टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची काशाची छोटी मूर्ती आज आपल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तिच्यामुळे पंचगंगेचा काठ रोमन व्यापाराच्या नकाशावर आला. याउलट, 1974 साली प्रवरेकाठी दायमाबादला शेतात खणताना रथ, हत्ती, गेंडा, म्हैस अशी काशाची चार थोर शिल्पं मिळाली. ती शास्त्रीय खोदकामात, थराच्या नोंदीसह मिळाली नाहीत. म्हणून त्यांचा काळ कोणता, यावर विद्वान अजून वाद घालतात. वस्तू आहे, पण तिचं वाक्य हरवलं.

इंग्लंडमधलं हॉक्सन गाव आठवा. 1992 साली एक माणूस मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होता, आणि त्याला रोमन नाणी लागली. थोडं खणून तो थांबला आणि त्याने कळवलं. पुरातत्त्ववेत्त्यांनी येऊन उरलेला साठा जागच्या जागी नोंदवत काढला. नाणी निघाली सुमारे पंधरा हजार, आणि ती पेटीत कशी रचली होती हेसुद्धा कळलं. त्याचं यंत्र कोणतं होतं हे आज कोणी विचारत नाही. तो थांबला, एवढंच लक्षात राहिलं.

आपल्याकडे कायदाही तेच सांगतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जो कळवतो त्याचा हिस्सा कायदा मान्य करतो, जो लपवतो तो गुन्हेगार ठरतो. संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्याशिवाय खणता येत नाही. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा असे दोन कायदे त्यासाठी आहेत. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचं नाणं हा पुरावशेष आहे. म्हणजे पन्हाळा, ब्रह्मपुरी, कुठलाही गड, ही डिटेक्टर फिरवायची ठिकाणं नव्हेत.

मग छंद करायचाच नाही का? जरूर करा. स्वतःच्या शेतात हरवलेला नांगराचा फाळ शोधा, शेजारणीची पडलेली अंगठी शोधून द्या. एवढ्यासाठी, काळ्या रानात, सिंगल-फ्रिक्वेन्सी यंत्र पुरेसं आहे. कोकणात ओल्या वाळूवर, परवानगी घेऊन, नेहमी जाणार असाल तर मल्टीचे पैसे वसूल होतात. आणि कधी अवचित एखादी मळकट, जड, शिशाची चकती हाताला लागलीच, तर तिथेच थांबा. खूण करा, फोटो काढा, आजूबाजूचं उकरू नका, तहसील कचेरीत कळवा. त्या चकतीवर कदाचित चौथ्या एखाद्या कुर राजाचं नाव असेल. ते वाचता यायचं असेल, तर ती कुठून आणि किती खोलातून निघाली हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

 प्रश्न असतील तर घेऊ.