उबेची किंमत

थंडीच्या इतिहासांत माणसाचा शत्रु नेहमीं घराबाहेर उभा असलेला दाखविला जातो. वारा, हिम आणि महिनोगणती न संपणारी रात्र हीं त्याचीं शस्त्रें. भिंत, दार आणि अग्नि हीं आपलीं. ही मांडणी खोटी नाहीं, परंतु अपुरी आहे. ऐन हिवाळ्यांत लहानशा बंद घरांत ज्यांनीं दिवस काढले त्यांचे वृत्तांत लक्षपूर्वक वाचले म्हणजे असें दिसून येतें कीं, मृत्यु पुष्कळदां दाराबाहेर ताटकळत न राहतां थेट चुलीपाशीं येऊन बसला होता. आणि त्याला ही वाट मिळाली ती दार उघडें राहिल्यामुळें नव्हे, तर तें फार घट्ट लावल्यामुळें.

इ. स. १५९६ सालीं उत्तर ध्रुवाकडील समुद्रांतून पूर्वेच्या उष्ण देशांकडे जाण्याचा मार्ग शोधीत निघालेलें एक डच जहाज नोव्हाया झेम्ल्या बेटाच्या किनाऱ्याशीं बर्फांत अडकलें. विलेम बॅरेंट्स हा त्यावरील मार्गदर्शक. सतरा खलाशांपैकीं सुतार घर उभें राहण्यापूर्वींच वारला. उरलेल्या सोळा जणांनीं समुद्रानें वाहून आणलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या यांचें एक घर बांधलें. मध्यभागीं आगटी होती, छपरांत धुराडें होतें. तथापि भिंतींवर आणि निजण्याच्या खणांतही दोन बोटें जाडीचा बर्फ धरूं लागला. तेव्हां ७ डिसेंबर रोजीं जहाजावरचा दगडी कोळसा आणून तो पेटविण्यांत आला, आणि एवढ्या कष्टानें मिळालेली ऊब निसटूं नये म्हणून दारें व धुराडें यांचीं तोंडें बुजविण्यांत आलीं. त्या संध्याकाळीं त्या घरांत प्रथमच सुख नांदलें. थोड्याच वेळांत मात्र सर्वांना घेरी येऊं लागली. एक आजारी माणूस प्रथम कण्हूं लागला. मग कोणी धडपडत धुराडें मोकळें केलें, कोणी दार उघडलें. दार उघडणारा तर तेथेंच हिमांत बेशुद्ध होऊन पडला. हा प्रसंग गेरिट डी व्हीर या त्यांच्यांतल्याच एकानें लिहून ठेवला असून त्याचा ग्रंथ १५९८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या थंडीपासून पळावयाचें तिनेंच त्या रात्रीं त्यांना वांचविलें! पुढें तापविलेले दगड पायांशीं घेऊन त्यांनीं तो हिवाळा रेटला. परतीच्या वाटेवर बॅरेंट्स मरण पावला. १५९७ च्या नोव्हेंबरांत बारा जण ॲम्स्टरडॅमला पोंचले.

आपल्यावर कशाचा घाला आला होता हें त्यांना समजणें शक्य नव्हतें. कर्ब आणि प्राणवायु यांच्या संयोगानें हा वायु बनतो, हें क्रुकशँकनें १८०० सालीं दाखविलें. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो, हें फ्रान्समध्यें क्लोद बर्नार याच्या प्रयोगांनीं १८५७ च्या सुमारास स्पष्ट झालें. रक्तांतल्या रंगद्रव्याला प्राणवायूपेक्षां या कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेंहून अधिक पट आहे. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. इंग्लंडांत हॉल्डेननें १८९५ सालीं तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले, आणि लहान प्राण्यांवर त्याचा अंमल लवकर होतो म्हणून खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना केली. ती पद्धत ब्रिटिश खाणींत १९८६ पर्यंत चालली.

म्हणजे १९३४ सालीं हें ज्ञान सर्वांना उपलब्ध होतें. त्या वर्षींच्या २८ मार्चपासून ॲडमिरल रिचर्ड बर्ड हा अमेरिकन प्रवासी दक्षिण ध्रुवखंडावर, मुख्य तळापासून १२३ मैल दूर, हिमांत पुरलेल्या एका खोपट्यांत हवामानाच्या नोंदी घेत एकटाच राहूं लागला. खोपटें सुमारें नऊ फूट रुंद व तेरा फूट लांब होतें. शेगडीच्या नळीचे सांधे धड बसलेले नव्हते. नळीच्या तोंडाशीं बर्फ सांचे. डोकें दुखूं लागे तेव्हां त्याला संशय येई. पण बाहेर पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं सत्तर अंशांहूनही खालीं जात असतां शेगडी विझवावयाची कशी? ३१ मे रोजीं बिनतारी यंत्राला वीज पुरविणारें इंजिन ज्या भुयारांत होतें तेथें तो कोसळला. त्यापुढचे दोन महिने म्हणजे एक भीषण हिशेब होता: शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर हिम. त्यानें शेगडीचे तास कमी केले, आणि बर्फ भिंतींवरून वर चढूं लागला. आपल्यासाठीं कोणी ध्रुवरात्रींत जीव धोक्यांत घालूं नये म्हणून आजाराची गोष्ट त्यानें तळावरील मंडळींपासून लपविली. परंतु त्याच्या अडखळत्या संदेशांनींच ती फोडली. १० ऑगस्टला तिघे जण तेथवर पोंचले आणि तो वांचला. ही हकीगत त्यानें १९३८ सालीं पुस्तकरूपानें सांगितली.

बॅरेंट्सचे सोबती अज्ञानामुळें फसले. बर्डला सारें माहीत असूनही सोसावें लागलें. या दोहोंतील अंतर हाच मला या इतिहासाचा खरा विषय वाटतो. थंडीची जाणीव कातडीला होते, विषारी वायूची केवळ बुद्धीला. आणि मध्यरात्रीं दांत वाजूं लागले म्हणजे कातडीचें म्हणणें आधीं ऐकलें जातें.

आज हा प्रश्न हौशी लोकांच्या दाराशीं आला आहे. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-वैद्यानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथें 'वाँडरर' नांवाची घोड्यांची निवासगाडी बांधवून उन्हाळ्यांत ब्रिटनचा प्रवास केला, तेव्हां खिडक्या उघड्या ठेवण्यांत सुखच होतें. त्या गाडीचे वंशज असलेले ट्रेलर आज मोटारीमागें जोडून लोक अमेरिकेंत बर्फांतही मुक्काम करतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होण्याचें सोडतो, प्रोपेन मात्र उणें ४२ अंश सेंटिग्रेडपर्यंत सांथ देतो. म्हणून तेथें प्रोपेनच वापरतात. चांगल्या भट्टीला ज्वलनाची हवा बाहेरून मिळते व तिचा धूर बाहेरच जातो. परंतु त्या नळीचें तोंड हिमानें बुजलें, किंवा उबेसाठीं स्वयंपाकाची चूल रात्रभर जळत ठेवली, कीं गाडींत पुन्हां १५९६ सालची ती संध्याकाळ अवतरते. म्हणून जाणते लोक वायूची सूचना देणारें यंत्र बिछान्याजवळ ठेवतात, हिम पडलें कीं नळीचें तोंड मोकळें करतात, आणि कितीही थंडी असली तरी छपराचा झरोका बोटभर उघडा टाकतात. त्या फटीवाटे श्वासाची वाफही निघून जाते. एरवीं तीच भिंतींवर गोठली असती.

हा धोका दूरच्या हिमप्रदेशांपुरता आहे असें मात्र कोणीं समजूं नये. उत्तर हिंदुस्थानांत दर हिवाळ्यांत बंद खोलींत पेटती शेगडी ठेवून निजलेलीं कुटुंबें सकाळीं उठत नाहींत. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, आणि सूचना देणारें यंत्र तर नव्हतेंच. पण दार त्यांच्याही खोलीला होतें. शेगडी घरांत घेतांना तें बोटभर उघडें ठेवावयाचें, एवढेंच चारशें वर्षांच्या या अनुभवानें शिकविलें आहे. आणि तेवढेंच प्रत्येक थंड रात्रीं नव्यानें आठवावें लागतें.