जुना वायरलेस संच प्रोग्राम होत नाही?

मोटोरोलाचा ‘जीएम ३००’ हा वाहनात बसविण्याचा वायरलेस संच १९९०च्या दशकात लोकप्रिय होता. हौशी रेडिओचालकांकडे तो आजही आढळतो. मात्र त्याच्या वाहिन्या बदलताना संगणक आणि संच यांचा संपर्कच होत नाही, अशी अडचण वारंवार येते.

दोष बहुधा संचात नसून संगणकात असतो. या संचाचे सॉफ्टवेअर डॉस प्रणालीसाठी आणि त्या काळच्या मंद प्रोसेसरसाठी लिहिलेले आहे. वेगवान संगणकावर संदेशांच्या देवाणघेवाणीची वेळ चुकते. सिरियल पोर्ट असलेला जुना संगणक, विंडोज टाळून, थेट डॉसमध्ये सुरू करणे हाच भरवशाचा उपाय.

त्यानंतर जोडणी तपासावी. संगणक व संच यांच्यामध्ये ‘रिब’ ही मध्यस्थ पेटी लागते. ती सिरियल पोर्टचा विद्युतदाब संचाला सोसेल इतका, म्हणजे ५ व्होल्टपर्यंत आणते. तिचा वीजपुरवठा बंद असला, तरीही संपर्क होत नाही.

संपर्क होऊनही वारंवारिता नाकारली गेल्यास संचाचा पट्टा पाहावा. १४६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या संचासाठी सॉफ्टवेअर भारतातील हौशी वापराचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा सहसा स्वीकारत नाही.

कोणताही बदल करण्यापूर्वी संचातील मूळ माहिती वाचून जतन करावी. नवी माहिती लिहिली जात असताना वीज खंडित झाल्यास संच निकामी होऊ शकतो; तेव्हा ही प्रतच उपयोगी पडते. परवान्याबाहेरील वारंवारितेवर प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, याचेही भान असावे.