वेलांटी आधी की नंतर?

परवा नागपूरला गेले होते, तेव्हा आत्याच्या टायपिंगचा विषय निघाला. बर्डीवरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकून ती सरकारी कचेरीत टंकलेखक झाली. तिच्या यंत्रावर ‘किती’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. कागदावर दिसतं तसं, डावीकडून उजवीकडे.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. १९९१च्या ‘इस्की’ मानकातही तोच आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मराठी, बंगाली, तमिळ, सगळ्यांना एकच मांडणी. वेलांटी मात्र क नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. हुशारीचं काम, वादच नाही. नवशिक्याला तर सोपंच.

पण आत्याची बोटं नवशिकी नव्हती ना! कचेरीत संगणक आला आणि ती ओळीओळीला चुकू लागली. साहेब म्हणाले, "वय झालं तुमचं." तिनेही ते खरं मानलं, याचा मला अजून राग येतो.

पुण्याच्या सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्ये टाइपरायटरची जुनी मांडणीही निवडता यायची. म्हणजे कुणीतरी टंकलेखकांच्या हातांकडे बघितलं होतं. कचेरीतल्या एका पोराने आत्याला तो पर्याय लावून दिला. दुपारपर्यंत बोटं पूर्वीसारखी खटाखट!

मी हे सगळं फोनेटिकमध्ये, रोमन अक्षरं बडवत लिहितेय. आत्या मागून डोकावली नि म्हणाली, "काहून गं, मराठी लिहायला इंग्रजी लागते का?"