वेखंड : उग्र गंधाची घरगुती वनौषधी

बाळंतिणीच्या खोलीत शिरताच ओवा, शेपा आणि धुरीच्या वासात मिसळलेला एक तिखट, उग्र गंध नाकाला जाणवतो. तो वेखंडाचा. आजीच्या बटव्यात सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या जोडीला वेखंडाचे कांडे हमखास असते. मात्र ही वनस्पती प्रत्यक्ष पाहिलेले शहरवासी विरळाच.

वेखंड ही पाणथळ जागी, ओढ्यांच्या काठी आणि दलदलीत वाढणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव 'ॲकोरस कॅलॅमस'. पूर्वी तिचा समावेश अळूच्या कुळात केला जाई; आता तिला 'ॲकोरेसी' हे स्वतंत्र कूळ देण्यात आले आहे. पाने तलवारीच्या पात्यासारखी लांब व हिरवीगार असून ती चुरगाळली तरी सुवास येतो. चिखलात आडवे पसरणारे, पेरे-पेरे असलेले मूळखोड हाच तिचा औषधी भाग. हिमालयाच्या पायथ्यापासून मणिपूर, नागालँडच्या पाणथळ प्रदेशापर्यंत ती आढळते. कर्नाटकात तुमकूर भागात तिची शेतीही होते.

संस्कृतात तिला 'वचा', 'उग्रगंधा' आणि 'षड्ग्रंथा' अशी नावे आहेत. 'वचा' हे नाव वाणीशी जोडले जाते. वाचा शुद्ध व्हावी, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून तिचा वापर सांगितला आहे. चरकसंहितेत लेखनीय (मेद कमी करणाऱ्या) तसेच संज्ञास्थापन (शुद्धीवर आणणाऱ्या) द्रव्यांच्या गणात वचेचा समावेश आहे. सारस्वतारिष्टातही ती असते.

महाराष्ट्रातील घरांत वेखंडाचे उपयोग अनेक. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की सहाणेवर उगाळलेल्या वेखंडाचा कोमट लेप बेंबीभोवती लावतात. न्हाऊमाखू घातल्यावर सर्दी होऊ नये म्हणून टाळूवर चिमूटभर पूड चोळतात. बाळगुटीत त्याचे एक-दोन वेढे देण्याची रीत आहे. तामिळनाडूत वेखंडाचे मणी ओवून बाळाच्या मनगटात बांधतात. जुन्या पोथ्या आणि रेशमी वस्त्रे यांना कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाची कांडी ठेवण्याची प्रथाही जुनीच.

हा शेवटचा उपयोग शास्त्राच्या कसोटीवर उतरला आहे. वेखंडाच्या तेलातील 'बीटा-ॲसरोन' हा घटक किडींच्या प्रजननात अडथळा आणतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु नेमका हाच घटक चिंतेचेही कारण ठरला. भारतीय वेखंडाचे तेल आहारातून दिलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी आढळल्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड व त्याचे तेल वापरण्यावर बंदी घातली. युरोपीय संघानेही मद्यांतील बीटा-ॲसरोनच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या वाणात हा घटक जवळजवळ नसतोच. भारतात मिळणाऱ्या वेखंडात मात्र तो सहसा मोठ्या प्रमाणात असतो.

प्राण्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होतात असे नाही. तरीही सावधगिरीचे धडे आयुर्वेदानेच घालून दिले आहेत. वेखंड पोटात देण्यापूर्वी गोमूत्र व काढ्यांत उकळून त्याचे शोधन करावे, असे ग्रंथ सांगतात. औषधी मात्राही अत्यल्प, म्हणजे ६० ते १२० मिलिग्रॅम इतकीच मानली जाते. त्याहून बऱ्याच अधिक मात्रेत तेच द्रव्य वांती करवण्यासाठी दिले जाते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे कांडे शोधित असेलच असे नाही, आणि सहाणेवरचे वेढे कुणी तोलून पाहत नाही. कोवळ्या वयाच्या बाळाबाबत हा फरक क्षुल्लक ठरत नाही.

म्हणूनच कपाटातील कांडी किंवा पोटावरील पातळ लेप आणि पोटात जाणारी गुटी यांत भेद करणे आवश्यक आहे. अर्भकाला तसेच गर्भवतीला वेखंड पोटातून देण्याचा निर्णय वैद्याच्या वा बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच व्हावा. बाळाला उलट्या होऊ लागल्यास किंवा ग्लानी आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. शुद्धीवर आणणारी म्हणून ग्रंथांनी गौरवलेली ही वनस्पती वापरतानाही शुद्ध राखावी लागते, ती अशी.