स्वतःकडे परतणारा पत्ता : लूपबॅक आणि लिनक्सवरील स्थानिक वेब होस्टिंगचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकांच्या जाळ्यात पत्ता असतो तो इतरांनी आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून. मात्र इंटरनेटवरील पत्त्यांचा एक मोठा समूह यंत्राने स्वतःशीच बोलावे यासाठी राखून ठेवलेला आहे. १२७ या अंकाने सुरू होणारे हे पत्ते म्हणजेच 'लूपबॅक पत्ते' होत. त्यांचा उगम आणि एकाच लिनक्स संगणकावर अनेक संकेतस्थळे चालविण्यासाठी झालेला त्यांचा उपयोग यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

राखीव क्षेत्राचा उगम :

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी प्रसिद्ध केलेल्या 'आरएफसी ७९०' या यादीत १२७ क्रमांकाचे जाळे केवळ 'राखीव' म्हणून नोंदलेले आढळते. नोव्हेंबर १९८६ च्या 'आरएफसी ९९०' ने त्यास लूपबॅकचे कार्य नेमून दिले, तर ऑक्टोबर १९८९ च्या 'आरएफसी ११२२' ने असे पत्ते यंत्राबाहेर दिसता कामा नयेत, असा दंडक घातला. तत्कालीन वर्गपद्धतीत 'अ' वर्गाच्या एका जाळ्यात १,६७,७७,२१६ पत्ते, म्हणजे एकूण पत्त्यांचा २५६ वा हिस्सा सामावलेला असे. वास्तविक या कार्यास एक पत्ता पुरेसा होता. पण तो काळ विपुलतेचा होता.

आभासी होस्टिंगची गरज :

आरंभीच्या एचटीटीपी प्रणालीत ब्राउझर सर्व्हरकडे पान मागत असे, पण कोणत्या संकेतस्थळाचे पान हवे ते सांगत नसे. त्यामुळे एका यंत्रावर अनेक संकेतस्थळे ठेवावयाची तर प्रत्येकास स्वतंत्र आयपी पत्ता देणे भाग पडे. जानेवारी १९९७ च्या 'आरएफसी २०६८' ने विनंतीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठविणे अनिवार्य केले आणि एका पत्त्यावर अनेक नावे नांदू लागली.

तथापि पत्त्यावर आधारित पद्धत कालबाह्य झाली नाही. लिनक्समध्ये १२७ चे संपूर्ण जाळे 'लो' या अंतर्गत जोडणीकडे वळविलेले असते. त्यामुळे १२७.०.०.२, १२७.०.०.३ असे पत्ते वेगळी मांडणी न करता वापरता येतात. 'होस्ट्स' फाईलमध्ये प्रत्येक पत्त्यासमोर एक नाव लिहावे आणि अपाची सर्व्हरमध्ये त्या पत्त्याचा आभासी होस्ट नोंदवावा, एवढे पुरते. दोन भिन्न सर्व्हर प्रणालींनाही आपापल्या पत्त्यावर ८० हाच पोर्ट मिळतो.

नावांची मालकी :

'होस्ट्स' फाईल हा अर्पानेटचा वारसा होय. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी ठेवली जात असे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएस पद्धतीने कालांतराने तिची जागा घेतली. स्थानिक यंत्रावर मात्र नाव ठेवण्याचा अधिकार वापरकर्त्याकडेच राहिला. त्यास मर्यादाही आहेत. अनेक विकासक स्थानिक कामासाठी 'डॉट डेव्ह' हा प्रत्यय वापरीत. तो गूगलच्या मालकीचा झाला आणि डिसेंबर २०१७ मधील क्रोम ६३ ने त्यावर सुरक्षित जोडणीची सक्ती करताच अशी स्थानिक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. जून १९९९ च्या 'आरएफसी २६०६' ने राखून ठेवलेली 'डॉट टेस्ट' व 'डॉट लोकलहोस्ट' ही नावे वापरणाऱ्यांना ही झळ पोहोचली नाही.

उधळपट्टी की ठेवा? :

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडील मोकळे पत्ते संपले. डिसेंबर १९९५ मध्येच आयपी आवृत्ती ६ च्या रचनेत लूपबॅकसाठी केवळ एक पत्ता ठेवण्यात आला होता. २०२१ मध्ये तर जुने राखीव क्षेत्र ६५,५३६ पत्त्यांपुरते आटोपून उर्वरित पत्ते सार्वजनिक वापरासाठी खुले करावेत, असा मसुदा पुढे आला. टंचाईच्या काळात हा युक्तिवाद निराधार म्हणता येत नाही. परंतु जगभरच्या यंत्रांत रुजलेले वर्तन बदलण्याचा खर्चही त्यासोबत मोजावा लागतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, विपुलतेच्या काळात फारशा हिशेबाविना राखलेले क्षेत्र पुढे अध्ययनाचे साधन ठरले. ज्या प्रयोगशाळेत इंटरनेट जोडणी नाही, तेथेही विद्यार्थ्यास एका जुन्या संगणकावर अनेक संकेतस्थळे उभारता येतात, मोडता येतात व पुन्हा मांडता येतात. त्यासाठी ना भाडे द्यावे लागते, ना कोणाची अनुमती घ्यावी लागते. गावातील पडीक गायरानाचे मोल ते गेल्यावरच कळते. या पत्त्यांचा विचार करतानाही केवळ त्यांची संख्या पाहणे पुरेसे नाही.