कुठून बोलताय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीला रात्री मळ्यातल्या वस्तीवर कळा सुरू झाल्या. आम्ही मोबाइलवरून गाडी मागवली. पलीकडून पहिला प्रश्न, "कुठून बोलताय?" आम्ही सांगितलं, "मधल्या मळ्यातून." आता मधला मळा कोणत्या गावात नसतो! गाडी शेजारच्या गावात जाऊन आली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण तो पाऊण तास आम्ही विसरलेलो नाही. म्हणून आज त्या प्रश्नाचाच इतिहास.

तारेच्या फोनचं बरं होतं. तार एका घराला जोडलेली, त्या घराचा पत्ता टेलिफोन खात्याकडे. अमेरिकेत १९६८ साली ९११ हा संकटकाळचा नंबर सुरू झाला. पुढे तिथे फोन उचलणाऱ्याला पत्ता आपोआप दिसू लागला. मोबाइल आला आणि ही सोय मोडली, कारण मोबाइल काही एका घराला बांधलेला नाही. मग १९९६ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने कंपन्यांना बजावलं: आधी फोन कोणत्या टॉवरवरून आला ते कळवा आणि पाच वर्षांत बहुतेक फोनांची जागा सव्वाशे मीटरच्या आत सांगा.

एकटा टॉवर एवढंच सांगतो, की बाई माझ्या हद्दीत आहे. शहरात टॉवर जवळजवळ, म्हणून हद्द लहान. आपल्याकडे एकाच टॉवरखाली चार-पाच वाड्या येतात. तीन टॉवरपर्यंत लहर पोचायला किती वेळ लागला हे मोजलं, की जागा बरीच नेमकी निघते. पण माळरानावर तिसरा टॉवर आणायचा कुठून? जीपीएस असलेला फोन उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो, फक्त वर आकाश मोकळं हवं.

दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर बायकांच्या सुरक्षेचा विचार सुरू झाला आणि २०१६ साली केंद्र सरकारने नियम केला: २०१७ पासून नव्या फोनला संकटाचं बटण, २०१८ पासून जीपीएस. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण पटापट तीनदा दाबायचं. ११२ हा एकच नंबर नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात सुरू झाला, नंतर आपल्याकडेही आला.

आमच्यातल्या निम्म्याजणींकडे अजून त्याआधीचेच फोन आहेत. म्हणून हप्त्याच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येकीच्या वस्तीचा पत्ता लिहिलाय: गाव, तालुका, गट नंबर, जवळचं देऊळ, कालव्याचा कितवा पूल. वाचता न येणाऱ्यांनी तो पाठ केला. सर्वांत थोरल्या आजींनी एका दमात म्हणून दाखवला आणि वर आम्हालाच विचारलं, "अगं, तालुका आधी सांगायला नको का? मधेच फोन तुटला तर?"